एका रात्रीची छावणी दोन हजार वर्षं कशी टिकते?

डिसेंबर २०२४ मध्ये नेदरलँड्समधून एक बातमी आली. तिथल्या व्हेलुवे नावाच्या जंगलपट्ट्यात, होख ब्यूर्लो या ठिकाणी, रोमन सैन्याची छावणी सापडली होती. बातमीसोबतची चित्रं पाहून बऱ्याच जणांचा विरस झाला असेल. रोमन म्हटल्यावर खांब, कमानी, निदान एखादं मुंडकं नसलेलं संगमरवरी शिल्प तरी हवं. इथे होती झाडं, आणि एका करड्या नकाशावर उमटलेली पुसट चौकोनी रेघ.

मग यात सापडलं काय, हा प्रश्न रास्तच आहे. उत्तर असं की मातीचा एक बांध आणि बुजलेला एक खंदक सापडला. वस्तू म्हणाव्यात तर अगदी मोजक्या. तरीही नेदरलँड्सच्या इतिहासकारांच्या दृष्टीने ही मोठी बातमी होती, कारण ही जागा रोमन साम्राज्याच्या सरहद्दीपासून सुमारे पंचवीस किलोमीटर पलीकडे, परक्या मुलखात आहे. सैन्य सरहद्द ओलांडून तिथे गेलं होतं आणि तिथे झोपलं होतं, हे त्या रेघेवरून कळलं. ते कसं कळतं, हे समजायला आधी हे सैन्य रोज संध्याकाळी काय करायचं ते पाहायला हवं.

कूच-छावणी म्हणजे काय

रोमन सैन्याचे मुक्काम अनेक तऱ्हेचे असत. सरहद्दीवर दगडी तटाचे कायमचे किल्ले होते, त्यांत पलटणी वर्षानुवर्षं राहत. एखाद्या गडाला वेढा घातला की भोवती वेढ्याच्या छावण्या पडत. इस्राएलमध्ये मसाडाच्या पायथ्याशी अशा छावण्यांच्या दगडी भिंती आजही उघड्या डोळ्यांना दिसतात. आपला विषय तिसऱ्या प्रकाराचा आहे. सैन्य मोहिमेवर निघालेलं असताना, दिवसाची मजल संपली की जिथे थांबायचं, तिथे एका किंवा काही रात्रींपुरती उभारायची छावणी. इंग्रजीत हिला मार्चिंग कॅम्प म्हणतात, आपण कूच-छावणी म्हणू.

रीत ठरलेली होती. जागा निवडायची, चौकोन आखायचा, चारही बाजूंना खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला टाकून बांध घालायचा, बांधावर अणकुचीदार लाकडी खुंट रोवायचे आणि आत तंबू ठोकायचे. सकाळी सगळं मोडायचं आणि पुढे निघायचं. पुढच्या मुक्कामी पुन्हा हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस, जो आधी रोमनांविरुद्ध लढला आणि नंतर त्यांच्या आश्रयाला गेला, तो लिहितो की निघताना ते छावणीला आग लावत, म्हणजे शत्रूला ती वापरता येऊ नये. तंबू गेले, खुंट गेले, उरलंसुरलं जळालं. खंदक मात्र कुणाला उचलून नेता येत नाही.

आखणी आधी, तंबू मागून

जोसेफसनेच दिलेल्या वर्णनानुसार, कूच करताना प्रत्येक शंभराच्या तुकडीतले दहा जण छावणी आखायची साधनं घेऊन पुढे चालत. त्यांच्या आधीचा ग्रीक इतिहासकार पॉलिबियस हा तर या आखणीच्या प्रेमातच पडलेला दिसतो. सेनापतीच्या तंबूची जागा ठरली की तिथे पांढरं निशाण रोवायचं, त्यापासून ठरावीक अंतरांवर लाल निशाणं, आणि मग त्या निशाणांवरून सगळे रस्ते, सगळ्या रांगा. मागून येणाऱ्या सैनिकाला कुणाला काही विचारावं लागत नसे. आपला तंबू कोणत्या रस्त्यावर, कितवा, हे त्याला रोजच्याइतकंच पक्कं ठाऊक असे, मग मुलूख कुठलाही असो.

आषाढी वारीचा मुक्काम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. माउलींच्या सोहळ्यात प्रत्येक दिंडीचा रथापुढचा किंवा रथामागचा नंबर ठरलेला असतो, सामानाचे ट्रक पुढे जातात, आणि वारकरी पोचेपर्यंत तंबू उभे झालेले असतात. गाव रोज बदलतं, व्यवस्था तीच राहते. वारकऱ्यांना भोवती खंदक खणावा लागत नाही, एवढं बरं आहे.

रोमन तंबू चामड्याचे असत. एका तंबूत आठ जण. छावण्यांच्या आखणीवरचा एक लॅटिन ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला आहे. त्याचा कर्ता म्हणून हायजिनस हे नाव सांगितलं जातं, पण लेखक खरा कोण ते ठरलेलं नाही. त्यात एक हिशोब आहे जो मला फार आवडतो. ऐंशी जणांच्या तुकडीला आठाच्या हिशोबाने तंबू लागायला हवेत दहा. पण जागा आठच तंबूंची धरायची, कारण सोळा जण कायम पहाऱ्यावर असतात. ते परत आले की दुसरे सोळा उठून जातात. कित्येक किलोमीटर लांब अंथरलेल्या सैन्याला एका चौकोनात बसवायचं तर अशी कंजुषी करावीच लागते.

तंबूंची रांग आणि बांध यांच्यात पॉलिबियसच्या काळी दोनशे रोमन फुटांची, म्हणजे सुमारे साठ मीटरची, मोकळी पट्टी सोडत. बाहेरून फेकलेली पेटती काठी किंवा भाला तंबूपर्यंत पोचू नये हे एक कारण. लुटीची गुरं बांधायला जागा हवी, हे दुसरं.

दिवसभर चालून वर रोज खणायचं? शक्य तरी आहे का?

ही शंका हमखास येते. हिशोबच करून पाहू. ९ हेक्टरची छावणी धरा, साधारण होख ब्यूर्लोएवढी. ती चौरस मानली तर एक बाजू ३०० मीटर आणि परीघ १२०० मीटर. हायजिनसच्या नावावरच्या ग्रंथात किमान खंदक सांगितला आहे तो ५ रोमन फूट रुंद आणि ३ फूट खोल, खाली निमुळता होत जाणारा. रोमन फूट २९.६ सेंटिमीटरचा. म्हणजे माती निघाली सुमारे ७९० घनमीटर. खणायला तीन हजार माणसं लावली तर एकाच्या वाट्याला येतो मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि जेमतेम २६ सेंटिमीटर खोल खड्डा. हाताची सवय असलेल्या माणसाला हे तासाभराचं काम. होख ब्यूर्लोचा खंदक प्रत्यक्षात बराच मोठा, दोन मीटर खोल होता, म्हणजे मेहनत कितीतरी पट. तरी संध्याकाळच्या आत उरकण्याजोगी.

अवजारं प्रत्येकाजवळ असत. जोसेफस पायदळाच्या सैनिकाच्या अंगावरच्या सामानाची यादी देतो: करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, चामड्याचा पट्टा, विळा, साखळी आणि तीन दिवसांचा शिधा. त्याचंच म्हणणं की हा माणूस ओझ्याच्या खेचरापेक्षा फारसा वेगळा दिसत नसे. कॉर्ब्युलो नावाचा सेनापती म्हणायचा की शत्रूला कुदळीने हरवावं. या कॉर्ब्युलोने, खणताना कमरेला शस्त्र नव्हतं म्हणून एका सैनिकाला, आणि नुसती कट्यार होती म्हणून दुसऱ्याला देहदंड दिला, अशी कथा रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवली आहे. टॅसिटसला स्वतःलाच ती जरा वाढवून सांगितलेली वाटत होती. पण अशी कथा छावणीत फिरवायला कॉर्ब्युलोची हरकत नसावी.

खणण्याची वेळ धोक्याची असते, हे मात्र खरं. इ.स.पू. ५७ मध्ये गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या भागात, सीझरची सहा सैन्यदलं (एक दल म्हणजे काही हजार सैनिकांची एक 'लीजन') छावणी खणण्यात गुंतलेली असताना नर्व्ही टोळीने नदी ओलांडून हल्ला चढवला. शिरस्त्राण चढवायलाही वेळ मिळाला नाही. सीझर वाचला, पण थोडक्यात.

मग इतकं करून मिळायचं काय? बांध-खंदक काही अभेद्य नव्हता. त्याचा उपयोग शत्रूला अडवण्यापेक्षा त्याचा पहिला धक्का मोडून झोपलेल्यांना उठायला वेळ देण्याचा. शिवाय रात्री घोडी-खेचरं बिथरली तर बाहेर पळत नाहीत, आणि सैनिकही परवानगीवाचून बाहेर पडत नाही. माझ्या मते हे शेवटचं कारण पुस्तकांतून जरा कमी सांगितलं जातं. परक्या मुलखात, घरापासून महिनोन् महिने दूर असलेल्या हजारो तरुणांना एकत्र ठेवायला चार दरवाजांवरचा पहारा उपयोगीच पडत असणार.

बुजलेल्या खंदकाची खूण उरते कशी

खंदक उघडा राहिला की पावसागणिक बांधाची माती आणि पालापाचोळा त्यात उतरतो. काही वर्षांत तो भरतो. वरून शेतं होतात, नांगर फिरतो, बांध सपाट होतो. पण भरलेली माती आजूबाजूच्या अस्पर्श जमिनीसारखी नसते. ती सैल असते, तिच्यात सेंद्रिय भाग जास्त असतो आणि ओल जास्त टिकते. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात, शेतातलं बाकीचं बार्लीचं पीक पिवळं पडू लागतं तेव्हा खंदकावरची रोपं हिरवी आणि उंच राहतात. बांधावर उभं राहून हे कळत नाही. विमानातून पाहिलं की पिवळ्या शेतात हिरव्या रेघांचा अख्खा चौकोन दिसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर केंब्रिजच्या जे. के. सेंट जोसेफ यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे ब्रिटनवरून उडत अशा असंख्य जागा टिपल्या. स्कॉटलंडमध्ये आज दोनशेहून अधिक कूच-छावण्या माहीत आहेत, त्यांतल्या बहुतेकांचं श्रेय पिकाला आणि कॅमेऱ्याला जातं.

त्याआधी चालत फिरणारेही होते. अठराव्या शतकात विल्यम रॉय हा ब्रिटिश लष्करी सर्वेक्षक स्कॉटलंडचा नकाशा करता करता या छावण्यांचे आराखडे काढत गेला. त्याचं पुस्तक तो गेल्यावर १७९३ मध्ये छापलं गेलं. त्याने मोजलेले काही बांध नंतर नांगराखाली गेले, त्यामुळे त्याच्या आराखड्यांना आज मूळ पुराव्याचं मोल आहे.

जंगलात पिकाची युक्ती चालत नाही. तिथे लायडार हे तंत्र वापरतात. विमानातून जमिनीकडे लेझरचे लाखो झोत सोडतात. बहुतेक पानांवर आपटून परततात, काही फटींतून थेट जमिनीपर्यंत पोचतात. परतायला लागलेल्या वेळावरून प्रत्येक बिंदूची उंची निघते. संगणकाने पानांवरचे बिंदू वगळले की उघड्या जमिनीचा नकाशा हाती येतो, आणि त्यात अर्ध्या हाताचा उंचवटाही रेघेसारखा उठतो. नेदरलँड्सने आपल्या देशाचा असा उंचीचा नकाशा सगळ्यांना मोफत दिला आहे. होख ब्यूर्लोच्या वेळी एका विद्यार्थ्याने आधी रोमन सैन्य व्हेलुवेतून कोणत्या वाटांनी गेलं असेल याचा संगणकावर अंदाज बांधला, आणि मग त्या वाटांच्या आजूबाजूला हा नकाशा चाळला. पुढे प्रत्यक्ष खोदून खात्री केली गेली.

चौकोन तर गुरांच्या वाड्याचाही असतो

असतो. म्हणून नुसत्या चौकोनावर कुणी विसंबत नाही. रोमन छावणीच्या बाजू सरळ आणि कोपरे गोलाकार असतात, पत्त्यातल्या पानासारखे. काटकोनी कोपऱ्यावर बचाव करणं अवघड, म्हणून तो वळवलेला असतो. दरवाजे बाजूंच्या ठरावीक ठिकाणी येतात, आणि त्या दरवाजांना लाकडी फळ्या नसल्या तरी बंदोबस्त असतो. कधी दरवाजासमोर काही मीटरवर खंदकाचा एक सुटा तुकडा खणलेला असतो, म्हणजे घोडेस्वार सरळ आत घुसू शकत नाही. कधी बांधच दरवाजाशी आत वळवलेला असतो. आत येणाऱ्याला त्यामुळे वळावं लागतं आणि त्याची ढाल नसलेली उजवी बाजू बचाव करणाऱ्यांसमोर येते. स्कॉटलंडमध्ये स्ट्राकाथ्रो गावाच्या नावाने ओळखली जाणारी दरवाजाची एक खास घडण आहे, तिचा संबंध पहिल्या शतकाच्या अखेरच्या मोहिमांशी जोडतात. गुरांच्या वाड्याला एवढा खटाटोप कुणी करत नाही.

वस्तू मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे सैनिकांच्या चपलांच्या तळाचे लोखंडी खिळे. चालताना ते गळत. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोल्म ला रुंगा या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटरवर, अशीच छावणी जाहीर झाली. तीही लायडारमध्येच दिसली. तिथे गोफणीच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या आणि त्यांवर तिसऱ्या सैन्यदलाचा ठसा होता. खालच्या खोऱ्यात इ.स.पू. १५ च्या सुमाराची रणभूमी आधीच माहीत होती, तिथेही याच दलाच्या गोळ्या सापडल्या होत्या. दोन्ही जागा एकमेकींना जोडल्या गेल्या. इतकं नशीब क्वचितच लाभतं.

रेघेवरून सैन्य मोजता येतं का

काही प्रमाणात. आखणी ठरलेली होती, म्हणून क्षेत्रफळावरून माणसांचा अंदाज निघतो. पण एका हेक्टरात किती माणसं बसत यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी सातशेच्या आसपास धरतं, कोणी हजाराच्या वर. त्या हिशोबाने ९ हेक्टरांत सहा हजारांपासून दहा हजारांपर्यंत माणसं येतात. एवढी तफावत असली की आकडा छातीठोक सांगू नये, पण शे-दोनशेची टेहळणी तुकडी नव्हती एवढं नक्की.

जास्त उपयोग होतो तो तुलनेचा. एकाच मापाच्या छावण्या एका दिवसाच्या मजलेवर ओळीने मिळाल्या तर ती एकाच सैन्याची वाट असण्याचा संभव मोठा. पूर्व स्कॉटलंडमध्ये सुमारे ५४ आणि सुमारे ६७ हेक्टरांच्या छावण्यांच्या अशा माळा आहेत. बरेच अभ्यासक त्या सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या इ.स. २०८ ते २११ च्या मोहिमांच्या मानतात. सेव्हेरस संधिवाताने जर्जर असतानाही स्वतः मोहिमेवर आला होता. २११ मध्ये यॉर्कला तो वारला आणि त्याच्या मुलांनी मोहीम गुंडाळली. जिथे एका छावणीचा खंदक दुसरीच्या खंदकाला कापून जातो, तिथे आधीची कोणती हे खोदून ठरवता येतं. आर्डॉख हे त्यासाठी फार चांगलं ठिकाण, तिथे अनेक मोहिमांच्या छावण्या एकमेकींवर चढल्या आहेत.

'एका रात्रीची' हे मात्र जपून म्हणायला हवं. ॲबर्डीनशायरमध्ये किंटोर इथे घरबांधणीच्या आधी मोठं उत्खनन झालं, तेव्हा छावणीच्या आत भाकरी भाजायच्या १८० च्या आसपास भट्ट्या सापडल्या. जमिनीत खणलेला खड्डा, त्यात मातीची भट्टी, पुढे राख ओढायची जागा. एका रात्रीसाठी कुणी एवढं करत नाही. तिथे सैन्य काही काळ थांबलं असावं, किंवा पुन्हा आलं असावं.

ही वाचनाची विद्या आजची नाही. इ.स. ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात व्हारस या रोमन सेनापतीची तीन सैन्यदलं कापली गेली. सहा वर्षांनी जर्मॅनिकस हा दुसरा रोमन सेनापती तिथे पोचला, त्याचं वर्णन टॅसिटसने केलं आहे. आधी लागली ती व्हारसची पहिली छावणी. तिच्या ऐसपैस घेरावरून आणि मोजून आखलेल्या मध्यावरून तीन पूर्ण दलांचा हात कळत होता. पुढे दुसरी लागली. तिचा बांध अर्धवट पडलेला, खंदक उथळ. उरलीसुरली, खचलेली माणसं तिथे बसली होती हे पाहणाऱ्यांना सांगावं लागलं नाही. आजचा पुरातत्त्वज्ञ करतो ते हेच, फक्त मधल्या दोन हजार वर्षांच्या मातीचा अडथळा पार करून.

बरं, पण यातून इतिहासात बदल काय होतो

कधीकधी बराच होतो. लेखी इतिहास रोमनांनी लिहिला, आणि त्यातला थोडाच उरला. जॉर्डन आणि आसपासच्या वाळवंटात नबातियन राज्य होतं, पेट्रा ही त्याची राजधानी. इ.स. १०६ मध्ये राजा दुसरा रॅबेल वारला आणि सम्राट ट्रेजनने हे राज्य साम्राज्यात घेतलं. हे सत्तांतर बहुतांशी शांततेत झालं, असाच समज आहे.

२०२३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी उपग्रहचित्रांत तीन छावण्या दाखवल्या. तीच पत्त्याच्या पानासारखी घडण, समोरासमोर दरवाजे, एका सरळ रेषेत पूर्वेकडे, दूमत अल-जंदल या वाळवंटी शहराच्या दिशेने. छावण्यांमधलं अंतर ३७ ते ४४ किलोमीटर. इथे मजलेचा हिशोब कामी येतो. रोमन पायदळाची रोजची मजल तीस किलोमीटरच्या आसपासची, तीही चांगल्या रस्त्यावर. पाण्यावाचूनच्या वाळवंटात चाळीस किलोमीटर चालून वर बांध घालणं पायदळाला झेपणारं नाही. म्हणजे हे घोड्यांवरचं, कदाचित उंटांवरचं सैन्य असावं. आणि बांध घालून राहणारं सैन्य शत्रूची अपेक्षा ठेवून निघालेलं असतं, त्यामुळे ते सत्तांतर वाटत होतं तितकं शांततेत झालं नसावं, असं या अभ्यासकांचं म्हणणं.

युक्तिवाद घट्ट आहे, पण त्यातली एक कडी कच्ची आहे. छावण्या १०६ सालच्या आहेत हे आकारावरून आणि प्रसंगावरून काढलेलं अनुमान आहे. आकार छावणी रोमन असल्याचं सांगतो, साल सांगत नाही. सालासाठी नाणं, खापराचा तुकडा, जळका कोळसा, काहीतरी जमिनीतूनच निघावं लागतं. तोवर त्या तीन चौकोनांना १०६ ची तारीख पेन्सिलीने लिहिलेली बरी.